बोटांच्या बेचकीतलं पाणी

वैनी, आज पाचवा दिवस. सकाळी गिरणीचा भोंगा झाला तशी मी उठले, तोंड धुतलं आणि खुंटीवरची पट्टी काढून मांडीवर गुंडाळायला बसले. अर्धी गुंडाळी झाल्यावर ध्यानात आलं, की अगं बाई, बांधायचा हात कुठाय? अव्वा चुलीपुढून बघत होती. एरवी माझ्या चुकीवर टपून बसलेली माझी आई, पण ह्या वेळी तिनं तोंड चुलीकडं फिरवलं. मग मी पट्टी पूर्ण गुंडाळली, टोकाला पिन लावली आणि परत खुंटीला अडकवली. दोन होत्या, आता एकच उरलीय.

अण्णानं, माझ्या भावानं, काल मला कागद आणून दिला. म्हणाला, "तू मास्तरीण हायस, पेपरात द्यायला चार ओळी लिहून दे." मी लिहायला बसले. नीलाबाईंच्या मागं पती, सासू, नणंद असा परिवार. एवढं लिहून झालं आणि पेन अडलं. नणंद म्हणे! त्या कागदाचा बोळा केला आणि हा दुसरा घेतला. हा कुठं छापायचा नाही. तुझ्याशी बोलायचं राहिलंय, ते बोलून टाकायचंय. मी तीन वर्षं तोंड मिटून बसले, आता तू पुढ्यात नाहीस तर शहाणीला कंठ फुटलाय.

येणाऱ्या बाया म्हणतात, "लई सोसलं बिचारीनं." मला असा राग येतो! तू आणि बिचारी? ज्या बाईनं लग्नानंतर आठव्या दिवशी अव्वाला सांगितलं, की तुमची शेंगाचटणी चांगली हाय पण आमच्याकडं ह्यापेक्षा चांगली करतात, ती बिचारी? अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातनं आलेली, मराठी निम्मं येत होतं, पण भांडायला लागणारं तेवढं सगळं येत होतं. अव्वासमोर मला "वन्सं, तुमी" म्हणायचीस आणि ती जरा पाठमोरी झाली की "ए महानंदा, गप की गं." मी टेंभुर्णीच्या सासरहून सहा महिन्यांत पेटी घेऊन परत आले, तेव्हा दारात सगळे असे उभे होते जसं काही मी चोरी करून आले. तू एकटी पुढं आलीस, पेटी उचललीस आणि म्हणालीस, "बरं झालं आलीस, मला एकटीला कंटाळा येऊलालता." मला कधी विसरता येणार नाही ते.

तुला मूल नव्हतं, मला नवरा नव्हता. अव्वा म्हणायची, माझ्या घरात दोन रिकाम्या घागरी हायत्या, नुसत्या वाजतात. दोन खोल्या, मधे एक पडदा, पुढं अण्णाचं भुसारी दुकान. मला शाळेचा तरी रस्ता होता. तुला दुकानाच्या मागचं दार आणि नळ, एवढंच. तू कधी तक्रार केली नाहीस, पण दुपारी त्या मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसून गल्लीकडं बघत असायचीस, ते मी शाळेतनं येताना लांबून बघितलंय.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. भाकरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची आणि पाणी टँकरचं. अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली म्हणून तू मला सांगितलंस, अण्णाला नाही. आपण दोघी सात रस्त्यापाशी डॉक्टरांकडं गेलो, आणि पंधरा दिवसांत ऑपरेशनचं ठरलं. छाती काढायची आणि काखेतल्या गाठीही काढायच्या. अव्वा रडली, अण्णा दुकानात जाऊन बसला. तुला एकच काळजी. गळ्यातलं लिंग. चांदीच्या करडगीत, त्या बारक्या डबीत, ठेवलेलं ते तुझं इष्टलिंग, लहानपणी दीक्षेत मिळालेलं, कधी अंगावेगळं केलं नव्हतंस, आणि डॉक्टर म्हणत होते की अंगावर काही ठेवायचं नाही. तू टेबलावर चढायला तयार नव्हतीस. मग कांबळे सिस्टर आल्या. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, आवाज मात्र सगळ्या वॉर्डाला पुरेल असा. त्यांनी ती करडगी स्पिरिटनं पुसली, तुझ्या उजव्या दंडावर ठेवली आणि वरून पट्टी गुंडाळली. "घ्या. तुमचं तुमच्यापाशी. आता चला." त्या सिस्टरपुढं डॉक्टर तरी काय म्हणणार!

त्यानंतर आपल्या घरात एकच विषय राहिला, पाणी. बाहेर नळाला नव्हतं आणि तुझ्या अंगात साचायला लागलं. काखेतनं रबरी नळी काढून बाटलीत सोडलेली, त्यात तांबूस पाणी यायचं. नळी काढल्यावर छातीच्या कातड्याखाली फुगा आला, तो डॉक्टरांनी मोठ्या सुईनं ओढला. दोनदा ओढला. सिस्टरनं मला बाजूला घेऊन समजावलं, कारण अण्णा समजून घेण्याच्या अवस्थेत नव्हता. म्हणाल्या, "अंगातलं पाणी वाहून न्यायला बारीक वाटा असत्यात, बाई. त्या काखेत येऊन मिळत्यात. आपण काखेतलंच काढलंय. म्हंजे आता पाणी हातात उतरंल, पर वर चढायला त्याला वाट न्हाय. ती वाट आपण दावायची."

कशी दाखवायची, ते त्यांनी तुझ्याच हातावर शिकवलं. लांब लवचीक पट्टी. सुरुवात बोटांपासून, तिथं जरा आवळून. मग पंजा, मनगट, कोपर. वर जाताना ढिलं ढिलं करत जायचं. उलटं केलं तर पाणी खाली कोंडतं. मी तीनदा चुकले. सिस्टर म्हणाल्या, "शाळेत पोरांना किती येळा चुकू देता?" मी म्हणाले, दोनदा. "मग आता बरोबर बांधा." चौथ्या वेळी बरोबर आलं. तू पडल्या पडल्या हसत होतीस आणि हसताना टाके ओढले म्हणून मलाच शिव्या देत होतीस.

नियमही त्यांनीच सांगितले. डाव्या हातात सुई न्हाय, काकण न्हाय, तव्याचा चटका न्हाय, कळशी न्हाय. रातच्याला हात उशीवर उंच. आणि सगळ्यात मोठा नियम, कातडी कोरडी. बोटांच्या बेचकीत ओल राहिली की कातडं भेगाळतं, आणि ह्या हाताला साधी भेग पुरे, सगळा हात पेटतो. "आणि एकदा पेटला की बाई, साचल्यालं पाणी परत उतरत न्हाय," असं त्या म्हणाल्या. मी ते वहीत लिहून घेतलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

काकणांवरून अव्वानं घर डोक्यावर घेतलं. सवाष्णीचा एक हात मोकळा, लोक काय म्हणतील? तू दुसऱ्या दिवशी कासाराला बोलावलंस आणि डाव्या हातातल्याही सगळ्या उजव्यातच भरून घेतल्यास. मनगटापासून कोपराकडं निम्म्यापर्यंत हिरवागार हात. "मोजा की अव्वा, एक बी कमी न्हाई." अव्वाला मोजायला यायचंच नाही वीसच्या पुढं. मी पडद्याआड तोंडात पदर कोंबून हसत बसले.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून त्या रेघा आहेत. सुरुवातीचे दिवस हात उचलायचा नव्हता, नुसती बोटं हलवायची. मग सिस्टरनं सांगितलं, की भिंतीपुढं उभं राहून बोटांनी भिंत चढा, रोज थोडं वर. मी शाळेतनं खडू आणला. जिथवर बोटं पोचतील तिथं रेघ. पहिली तुझ्या छातीएवढी. मग खांद्याला, मग कानाला. संक्रांतीपर्यंत तू फडताळाच्या वरच्या फळीपर्यंत गेलीस आणि तिथला गुळाचा डबा डाव्या हातानं नुसता शिवून दाखवलास. त्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेत तू हट्टानं मोठ्या पाळण्यात बसलीस. मी ओरडले, तर म्हणालीस, "सिस्टरनं हात वर धरायला सांगितलंय की! ह्याच्याएवढं वर अजून कुठं?" पाळणा वर गेला तेव्हा तुझा पट्टी बांधलेला हात मला खालनं दिसत होता, सरळ आभाळात. मला वाटलं, जिंकली ही बया. खरंच वाटलं होतं.

आता ते सांगते.

तुझी पूजा. सकाळी पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. आणि पूजा म्हणजे लिंग डाव्या तळव्यावर घेऊन, छातीसमोर धरून. त्यावर पाणी, भस्म, बेल. अर्धा-अर्धा तास तू त्याच्याकडं बघत बसायचीस, घरात कोणी मेलं तरी मान वळायची नाही. पट्टी तर तळव्यावरून गेलेली. मी म्हणाले, पट्टीवरच ठेव. तू म्हणालीस, "कापडावर ठेवलं तर हातात घेतलं कुठं?" मी म्हणाले, मग उजव्या हातावर घे की! देवाला काय कळतंय डावा-उजवा? तू म्हणालीस, "देवाला कळतंय का न्हाई मला म्हाईत न्हाई. माझ्या हाताला कळतंय." दोन दिवस तू पूजाही केली नाहीस आणि जेवलीही नाहीस. तिसऱ्या दिवशी मी हरले.

मग आपण एक केलं. डॉक्टरांना सांगायचं नाही, सिस्टरना सांगायचं नाही. सकाळी मी पट्टी सोडायची, तू पूजा करायची, मग मी हात धुऊन पुसायचा, बोटांच्या बेचक्या एक एक करून कोरड्या करायच्या, हात वाऱ्यावर धरायचा आणि मग बांधायचा. पाऊण तास लागायचा. मी शाळेला धावत जायची. तुला एका हातानं ती पट्टी बांधता येत नव्हती, आणि मी तर दम देऊन ठेवला होता, की माझ्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही. बाईचा हुकूम. वर्गातल्या चाळीस पोरांना द्यावा तसा.

पुढच्या उन्हाळ्यात शाळा तपासायला दिपोटी येणार होते. सकाळची शाळा. तू पूजेला बसलेली आणि माझा जीव टांगणीला, फलक लिहायचे राहिलेले, हेडमास्तरीण तोंड वाकडं करून बसणार. तू उठलीस तशी मी पदरानं तळवा पुसला, वरवर, आणि बांधायला घेतलं. तू म्हणालीस, "बेचकीत गार लागायलंय गं." मी म्हणाले, "वाळंल की आतच."

वाळंल की आतच. वैनी, हे तीन शब्द माझ्या घशात तीन वर्षं अडकलेत.

त्या दिवशी तपासणी लांबली, मी दुपार टळल्यावर आले. तू उंबऱ्यावर तशीच बसलेली, पट्टी जशीच्या तशी. मी विचारलं, गार गेलं का? तू म्हणालीस, "आता खाजायलंय." मग सोडली का नाहीस? "तू न्हाई म्हणालीस की." हसत म्हणालीस. पट्टीच्या आत भस्माचा ओला लगदा झाला होता. मी पुसला, पावडर लावली, आणि दुसऱ्या दिवशी परत तीच घाई. आत्तापर्यंत मी स्वतःला सांगत आले, की एकदाच झालं. एकदा नाही. त्या आठवड्यात तीनदा झालं. दिपोटी गेले, माझ्या वर्गाला चांगला शेरा मिळाला, मी पेढे आणले. आणि तिसऱ्या दिवशी तुला हीव भरलं. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. हात खांद्यापर्यंत लाल आणि असा तापलेला, की माझा हात लावला तर मला चटका बसला.

डॉक्टरांनी बोटं फाकवून बघितली. दोन बोटांच्या मधे भेग. विचारलं, "हात ओला कसा राहिला?" मी तिथं उभी. तू खाटेवर. डॉक्टर माझ्याकडं बघून विचारत होते, कारण मी शिकलेली. आणि मी काय म्हणाले? "ऐकत नाही हो, कपडे धुते."

डॉक्टर तुला असं बोलले, असं बोलले! स्वतःच्या जिवाची पर्वा नाही तर इथं कशाला येता म्हणाले. तू माझ्याकडं बघितलंस. एकदाच. मग त्यांना म्हणालीस, "व्हय, धुतले."

मी तुला जन्मात कपडे धुऊ दिले नव्हते त्या हातानं. पिळा तर लांबच. तुला माहीत, मला माहीत. बाजूला सिस्टर ट्रे घेऊन उभ्या होत्या.

इंजेक्शनं झाली, ताप गेला. हात मात्र सिस्टरनी सांगितला होता तसाच झाला. साचलेलं पाणी उतरलं नाही. हात दुप्पट झाला, मग कडक झाला, बोटानं दाबलं तरी खळगा पडेना. झंपराची डावी बाही उसवून मी तिथं हुक लावले. भिंतीवरच्या रेघा खाली यायला लागल्या. फळीवरनं कानाशी, कानावरनं खांद्याशी. एक दिवस तू म्हणालीस, "साकु गं महानंदा." पुरे. "खडू वाया घालवू नकोस, पोरांना लागंल." मी खडू फडताळात ठेवला. तो अजून तिथंच आहे.

आणि माझी तऱ्हा बघ. चूक माझी, आणि मीच तुझ्यावर खेकसायला लागले. लिंग डाव्या हातावर घ्यायचं नाही म्हणजे नाही! किती महिने भांडलो आपण? रोज सकाळी तेच. मी म्हणायची, ह्या हट्टापायी तुझा हात गेला. असं म्हणायची मी, वैनी, तुझ्या तोंडावर! तू एकदाही म्हणाली नाहीस, की हट्ट माझा पण घाई कुणाची. एकदा जरी म्हणाली असतीस तरी मी मोकळी झाले असते. भांडले असते, रडले असते, पाया पडले असते. तू मला ती वाटच ठेवली नाहीस. तू गप बसून पूजा करायचीस आणि झाल्यावर ओला हात माझ्यापुढं धरायचीस, जसं काही झालंच नाही. मग मी विंझणा घेऊन त्या हाताला वारा घालत बसायची. बोटाबोटाला. वीस मिनिटं. शाळेत उशीर झाला तर झाला. अव्वा विचारायची, "देवाला वारा घालायलीस का हाताला?" मी म्हणायची, जे समजायचं ते समज.

त्याच वीस मिनिटांत आपण सगळं बोललो बघ. तुझ्या गावची चिंच, माझा टेंभुर्णीचा नवरा, अण्णा झोपेत धान्याचे भाव बोलतो ते. तू मला कानडी शिकवलंस आणि मी तुला सही. हात एवढा जड झालेला, तो माझ्या मांडीवर असायचा आणि माझी मांडी बधिर व्हायची, पण हलवावंसं वाटायचं नाही. एवढं सगळं बोललो आणि त्या एका गोष्टीला दोघींनी वळसा घातला. पडद्यानं दोन केलेल्या खोलीत, एका मांडीएवढ्या अंतरावर, तीन वर्षं. जायला जागाच नव्हती आणि तरी आपण एकमेकींना चुकवत राहिलो.

दिवाळीनंतर खोकला सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, रोग छातीत आत गेलाय. मी त्यांना बाहेर गाठून विचारलं, हाताचा ताप आला होता, त्यामुळं का? ते म्हणाले, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, हा आजार वेगळ्या वाटेनं जातो. हे ऐकून मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. रोग माझ्यामुळं नाही आला, कबूल. पण ती तीन वर्षं? तो दगडासारखा हात खांद्याला टांगून तू काढलेली तीन वर्षं, ती तर माझीच करणी होती की.

गेल्या आठवड्यात, पट्टी बांधताना, तू म्हणालीस, "महानंदा, ते दिपोटी आलते त्या वक्ताला..." मी म्हणाले, "गप की गं. बोलू नकोस, दम लागतो." तू गप बसलीस. मला माहीत होतं तू काय बोलणार. मला वाटत होतं, मला माहीत आहे.

सकाळी दहाच्या सुमाराला तू गेलीस. पूजा झाली होती, म्हणजे मीच माझ्या तळव्यावर लिंग धरलं होतं आणि तू नुसती बघत होतीस. मग बघणं थांबलं.

कांबळे सिस्टर निरोप मिळताच आल्या. आता केस पांढरे झालेत त्यांचे. तुला आंघोळ घालायला त्या आणि मी, दोघीच होतो. अव्वाच्यानं बघवेना. पट्टी मी सोडली. सिस्टर तुझा डावा हात धुता धुता म्हणाल्या, "बाई, एक सांगू का? त्या तापाच्या येळंला मी भेग साफ केली. आत भस्म होतं. कपड्याचा साबण नव्हता."

माझे हात तिथंच थांबले.

"मी नीलाबाईस्नी विचारलं. त्यांनी समदं सांगितलं. वर माझा हात धरून म्हणाल्या, सिस्टर, तुमाला कळलंय हे माझ्या वन्संना कळू देऊ नका. तिला भ्या बसंल. परत माझ्या हाताला शिवायची न्हाय. मग माझी पट्टी कोण बांधंल?"

वैनी! अगं माझे बाई! म्हणजे तू माझं खोटं आधीच उघडं केलं होतंस आणि मग माझ्यासाठी परत झाकून ठेवलंस? तीन वर्षं मी तुला चुकवत होते आणि तू माझ्या मांडीवर हात ठेवून मला धरून बसली होतीस? मोठ्यानं रडले गं मी. अव्वा पडदा सारून आत आली तरी थांबले नाही. सिस्टर म्हणाल्या, "रडा. पर हात सोडू नका, जड हाय."

मग तुला बसवलं. आपल्यात आडवं नेत नाहीत, मांडी घालून बसवतात, आणि डाव्या तळव्यावर लिंग देतात. नवीन हिरवी साडी, कपाळाला भस्म. जंगम स्वामींनी करडगी उघडून लिंग तुझ्या तळव्यावर ठेवलं. पण तुझी ती सुजलेली बोटं मिटेनात. लिंग घरंगळायचं. त्यांनी दोनदा ठेवलं, दोनदा माझ्या ओंजळीत आलं. बाहेर माणसं खोळंबलेली. कुणीतरी म्हणालं, "उजव्या हातात द्या की, काय होतंय?" अण्णा पण म्हणाला, "उजव्यातच ठेवा."

हे माझंच वाक्य होतं. महिनोन्महिने तुझ्याशी भांडताना वापरलेलं, घासून घासून गुळगुळीत झालेलं. आणि मी काय म्हणाले माहितीय? मी म्हणाले, "नाही. डाव्याच. तिच्या हाताला कळतंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी स्वामींना म्हणाले, मी बांधते. ते जरा घुटमळले, मग म्हणाले, बांधा. सिस्टरनी खुंटीवरची धुतलेली पट्टी काढून दिली. लिंग आत, तुझ्या कातड्याला लागून, आणि पट्टी बाहेरून. सुरुवात बोटांपासून. पण आधी मी पंचा घेतला. करंगळीची बेचकी, मग तिच्या शेजारची, मग मधली, एक एक. विंझणा घेतला. माणसं दारात उभी, हलगीवाला दोनदा डोकावून गेला, ऊन अंगणभर आलेलं. स्वामी म्हणाले, "बाई, आवरा आता. लई उशीर होतोय."

मी म्हणाले, "थांबा. अजून ओलं आहे."